न्यायासन आधीं कीं आरोपी आधीं?

कांहीं गुन्ह्यांसाठीं आणि कांहीं गुन्हेगारांसाठीं नेहमींच्या न्यायालयाहून निराळें न्यायालय उभारण्याचा नैतिक अधिकार राज्यसंस्थेस आहे काय? हा प्रश्न कायदेपंडितांचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें, आणि सुशिक्षित गृहस्थ तो त्यांच्यावर सोंपवून मोकळा होतो. परंतु एखादा भयंकर गुन्हा घडतो, वर्तमानपत्रांतून संताप उसळतो, आणि 'खास न्यायालय नेमा, महिन्याभरांत निकाल लावा' अशी मागणी घरोघर सुरू होते. ती मागणी पानावर बसल्याबसल्या आपणहि करतों. म्हणजे निकाल देण्याचें काम आपण कायदेपंडितांवर सोंपवीत नाहीं. सोंपवितों तो केवळ विचार करण्याचा त्रास. म्हणूनच हा प्रश्न वकिलांच्या कचेरींतून काढून आपल्या ओसरीवर आणणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आम्ही राहतों तो गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा निघाला. भाताच्या बांध्या, तलाव, धानाच्या गिरण्या आणि विडीचा धंदा ही त्याची जगाला असलेली ओळख. पण पूर्वेस आणि दक्षिणेस सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगांव हे तालुके लागले कीं जंगल दाट होतें, आणि एका बाजूस छत्तीसगडची व दुसऱ्या बाजूस गडचिरोलीची हद्द येऊन भिडते. गेलीं चाळीसएक वर्षें या पट्ट्यांतील मनुष्यानें नेहमींच्या न्यायाबाहेरचे दोन न्याय पाहिले. एक राज्याचा, खास कायद्याखालीं चालणारा. दुसरा बंदूकधाऱ्यांचा, 'जन अदालत' या नांवानें चालणारा. माओवादी चळवळ आतां ओसरत चालली आहे; म्हणून या दोन्ही न्यायांकडे शांतपणें पाहण्याची हीच वेळ आहे.

खास न्यायालयाची बाजू पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जंगलांतल्या गांवीं भरदिवसा झालेल्या खुनाची साक्ष द्यावयास एकहि मनुष्य पुढें येत नाहीं, कारण रात्रीं त्याला त्याच गांवांत निजावयाचें असतें. नेहमींच्या कोर्टांत तारखांमागून तारखा पडतात. साक्षीदार म्हातारे होतात, कांहीं मरतात, उरलेल्यांची स्मृति पुसट होते. संघटित टोळी, श्रीमंत आरोपी किंवा राज्याशीं युद्ध पुकारलेला गट यांच्यापुढें सामान्य चोरासाठीं घडविलेली पद्धति अपुरी पडते. ज्याचा मुलगा अशा हल्ल्यांत गेला त्या बापास आरोपीच्या हक्कांचें व्याख्यान ऐकविणें क्रूरपणाचें वाटेल. या सर्व म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें डावलून केलेला कोणताहि युक्तिवाद फोल ठरेल.

तरीसुद्धां एक गोष्ट राहतेच. शेतकरी धानाची गाडी घेऊन बाजारांत येतो, तेव्हां काटा आधींच टांगलेला असतो आणि वजनांवर आधींच छाप मारलेली असते. तो काटा या शेतकऱ्यासाठीं टांगलेला नसतो, म्हणूनच तो या शेतकऱ्यास मान्य असतो. उद्यां व्यापाऱ्यानें, 'तुझ्या धानासाठीं मीं हा निराळा काटा आणला आहे' असें म्हटलें, तर काटा खरा असला तरी कोणाचा विश्वास बसेल? न्यायासनाचें असेंच आहे. तें आरोपीच्या आधीं अस्तित्वांत असलें पाहिजे. आपल्यापुढें कोण उभा राहणार आहे हें ज्यास ठाऊक नव्हतें, त्याच न्यायाधीशाचा निवाडा हा निवाडा. आरोपी पाहून जें न्यायासन मांडलें जातें, त्याचा निम्मा निकाल तें मांडतांनाच लागून गेलेला असतो.

आपल्या परंपरेंतील सर्वांत तेजस्वी न्यायाधीशाची कथा या दृष्टीनें पुन्हां पाहण्यासारखी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला आणि त्याचा ठपका रघुनाथरावांवर आला. रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही कथा मराठी मुलांस पाठ असते. आपण त्यांतील निःस्पृहतेचें कौतुक करतों, तें योग्यच आहे. पण रामशास्त्री राघोबासाठीं नेमलेले न्यायाधीश नव्हते, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. थोरल्या माधवरावांच्या काळापासून ते त्या आसनावर होते. ज्या आसनानें कुणब्याचा बांध आणि विधवेचें वतन तोडून दिलें, त्याच आसनापुढें पेशवाईचा दावेदार आला. हें न्यायासन राघोबाच्या शत्रूंनीं त्या प्रसंगापुरतें उभारलेलें असतें, तर शब्द तेच असूनहि तो निवाडा न ठरतां सूड ठरला असता.

पाश्चात्त्य इतिहास हीच गोष्ट उलट बाजूनें सांगतो. इंग्लंडांतील स्टार चेंबर हें न्यायालय आरंभीं लोकांना उपकारक वाटत असे. सामान्य कोर्टांना न जुमानणाऱ्या दांडग्या सरदारांना तें वठणीवर आणीत असे. पुढें तेंच न्यायालय राजाच्या टीकाकारांवर उलटलें, आणि १६४१ मध्यें पार्लमेंटला तें मोडावें लागलें. फ्रान्समध्यें मार्च १७९३ मध्यें क्रांतिन्यायालय स्थापण्यांत दांतों पुढें होता. एप्रिल १७९४ मध्यें त्याच न्यायालयानें दांतोंला मृत्युदंड दिला. खास न्यायालय ज्यांच्यासाठीं उभारलें जातें त्यांच्यापुरतें तें कधींच राहत नाहीं. हत्यार घडविणारा आणि तें उद्यां हातीं धरणारा हे दोघे एकच असतील, अशी हमी कोणीहि देऊं शकत नाहीं.

आमच्या विदर्भानें हा धडा १९४२ मध्यें आपल्या रक्तानें वाचला. त्या वर्षीं जानेवारींत, जपान हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकत असतांना, व्हॉइसरॉयनें खास फौजदारी न्यायालयांचा वटहुकूम काढला. कोणता खटला या न्यायालयांपुढें पाठवावयाचा हें सरकारी अधिकाऱ्यानें ठरवावयाचें, आणि हायकोर्टाचा नेहमींचा अधिकार त्यांवर चालावयाचा नाहीं, अशी त्याची रचना होती. कारण सांगितलें होतें शत्रूच्या स्वारीचें. ऑगस्टमध्यें 'चले जाव'ची चळवळ पेटली, आणि शत्रूसाठीं पाजळलेलें शस्त्र प्रजेवर चालूं लागलें.

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा जिल्ह्यांतील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें लोकांचा क्षोभ अनावर झाला. गोळीबारांत माणसें पडलीं; जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलिस मारले गेले. ही हत्या होती, आणि हत्येची चौकशी झालीच पाहिजे, यांत वाद नाहीं. खटले खास न्यायालयांपुढें चालले आणि अनेकांना फाशीची शिक्षा झाली. परंतु त्याच चिमुरांत, बंदोबस्तासाठीं आलेल्या फौजेनें व पोलिसांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी होत्या. त्यांची स्वतंत्र चौकशी व्हावी यासाठीं आचार्य भन्साळी यांनीं ६३ दिवस उपवास केला. सरकारनें ती चौकशी दिली नाहीं. एका बाजूसाठीं खास न्यायालय, आणि दुसऱ्या बाजूसाठीं न्यायालयच नाहीं! आमच्या मतें खास न्यायालयाचा सर्वांत मोठा दोष येथें उघडा पडतो. तें कोणाला शिक्षा देतें याकडे सर्वांचें लक्ष असतें; तें कोणाकडे कधींच वळत नाहीं, हें कोणी पाहत नाहीं.

या वटहुकुमाची पुढची कथाहि बोधप्रद आहे. जून १९४३ मध्यें फेडरल कोर्टानें बनोआरीलाल शर्मा यांच्या खटल्यांत बहुमतानें निर्णय दिला कीं हा वटहुकूम बेकायदा आहे. खटले निवडण्याची अशी मोकळी सत्ता अधिकाऱ्यांच्या हातीं देतां येत नाहीं. लागलीच नवा वटहुकूम निघाला. खास न्यायालयें गेलीं, पण त्यांनीं दिलेल्या शिक्षा अपिलाची वाट ठेवून कायम राखल्या गेल्या. आणि नोव्हेंबर १९४४ मध्यें लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें मूळ वटहुकूमहि कायदेशीर ठरविला. चिमूर-आष्टीच्या ज्या कैद्यांच्या गळ्यांतला फांस तरीहि सुटला नव्हता, त्यांच्यासाठीं नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनीं रान उठविलें, आणि १९४५ मध्यें त्यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. ती दयेनें टळली. ज्या माणसाला न्यायालयानें वांचवावयाचें, त्याला दयेच्या अर्जानें वांचवावें लागतें, तेव्हां तें न्यायालय कायदेशीर होतें कीं नव्हतें हा वाद जवळजवळ निरर्थक होतो. कायदेशीर आणि न्याय्य हे दोन शब्द वेगळे कां आहेत, हें त्या तीन वर्षांत वऱ्हाड-मध्यप्रांतास नीट समजलें.

तें परक्यांचें राज्य होतें, आतां आपलें आहे, असें कोणी म्हणेल. स्वराज्याच्या न्यायालयांनीं या बाबतींत आरंभीं मोठी जागरूकता दाखविली हें खरें. पश्चिम बंगालच्या खास न्यायालयांच्या कायद्यांतील, सरकारला वाटेल तो खटला त्यांकडे पाठविण्याची मुभा देणारें कलम १९५२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अन्वर अली सरकार यांच्या खटल्यांत रद्द केलें. 'लवकर निकाल लागावा' एवढ्या कारणानें माणसामाणसांत भेद करतां येत नाहीं, हें त्याचें सार. पुढें आणीबाणींतील सत्ताधाऱ्यांवर खटले चालविण्यासाठीं १९७९ मध्यें खास न्यायालयें निघालीं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानें त्यांची कल्पना मान्य करतांनाहि न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत व खटला दुसरीकडे नेण्याबाबत दुरुस्त्या सुचविल्या होत्या. १९८० मध्यें सत्ता पालटली आणि तीं न्यायालयें बंद पडलीं. जें न्यायासन सत्तेबरोबर येतें, तें सत्तेबरोबर जातें.

मग आला टाडा. १९८५ मध्यें आणि पुन्हां १९८७ मध्यें केलेला हा कायदा २३ मे १९९५ रोजीं मुदत संपून लयास गेला. त्याची न्यायालयें निराळीं, जामिनाच्या अटी निराळ्या, आणि वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य. पंजाबच्या दहशतवादासाठीं केलेला हा कायदा पाहतां पाहतां गडचिरोली आणि त्या वेळचा भंडारा जिल्हा येथील जंगलांपर्यंत आला, आणि आदिवासी त्याखालीं धरले गेले. देशभर अटक झालेल्यांच्या संख्येशीं ताडून पाहतां दोषी ठरलेले शेंकड्यांत अगदीं थोडे निघाले. १९९४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा कायदा वैध ठरविला, तरी कबुलीजबाबाच्या कलमाविरुद्ध पांचांपैकीं दोन न्यायमूर्तींनीं भिन्न मत नोंदविलें. आणि ज्या वेगासाठीं हा सारा खटाटोप, तो वेग तरी मिळाला काय? मार्च १९९३ च्या मुंबईंतील स्फोटमालिकेचा टाडा न्यायालयांतील खटला २००६-०७ मध्यें निकालास पोंचला. हक्क आधीं गेले. वेग आलाच नाहीं.

आजचा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. न्यायालय नेहमींचेंच ठेवावयाचें, पण कायदा खास करावयाचा. बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यांत २००८ मध्यें झालेल्या दुरुस्तीनंतर, आरोप वरवर पाहतां खरा वाटला तरी जामीन मिळत नाहीं, आणि आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी चालूं शकते. या खास कायद्याचें एक उदाहरण आमच्या दारावरून गेलें आहे. प्राध्यापक जी. एन. साईबाबा व इतर पांच जण यांच्या खटल्यांत दोघा आरोपींस पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें १ सप्टेंबर २०१३ रोजीं देवरीजवळ अटक झाली. मार्च २०१७ मध्यें गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानें पांच जणांस जन्मठेप आणि एकास दहा वर्षांची शिक्षा दिली. ऑक्टोबर २०२२ मध्यें हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें, खटला भरण्यास कायद्यानें आवश्यक असलेली मंजुरी नीट नव्हती म्हणून, सर्वांना सोडलें. दुसऱ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिती दिली. २०२३ मध्यें फेरसुनावणीचा हुकूम झाला, आणि ५ मार्च २०२४ रोजीं नागपूर खंडपीठाच्या दुसऱ्या पीठानें पुन्हां सर्वांना निर्दोष सोडलें. तोंपर्यंत आरोपींपैकीं एक तरुण आदिवासी ऑगस्ट २०२२ मध्यें तुरुंगांतच मरण पावला होता. साईबाबा यांचाहि ऑक्टोबर २०२४ मध्यें मृत्यु झाला.

या आरोपींच्या राजकीय मतांशीं आमचें कांहीं देणेंघेणें नाहीं. तीं मतें आम्हांस मान्य नाहींत. मंजुरी ही केवळ तांत्रिक बाब आहे असें पुष्कळांनीं त्या वेळीं म्हटलें. पण ज्या कायद्यानें आरोपीचे बाकीचे आधार काढून घेतले, त्यानें भरपाई म्हणून ठेवलेला एकुलता एक आधार तो होता. बारा खांबांच्या मंडपांतून अकरा खांब काढून घ्यावयाचे आणि मग बाराव्याला तांत्रिक म्हणावयाचें, हें कोणत्या नीतींत बसतें? आणि जो निर्दोष ठरण्यापूर्वींच मेला, त्यास ती निर्दोषता कोणत्या दारानें पोंचवावयाची?

आतां दुसऱ्या न्यायाकडे वळूं. जन अदालत ही गांवकऱ्यांना जमवून भरविली जात असे. 'पोलिसांचा खबऱ्या' असा आरोप; आरोप करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा बजावणारा एकच; वकील नाहीं, अपील नाहीं, आणि प्रेताजवळ एक पत्रक. जमलेल्या लोकांनीं मान डोलविली याला संमति म्हणत. पण बंदुकीपुढें मान न डोलविणारा मनुष्य आम्हीं पाहिलेला नाहीं. राज्याचें खास न्यायालय आणि ही अदालत समान आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. राज्याच्या न्यायालयांतून मनुष्य दहा वर्षांनीं कां होईना, जिवंत बाहेर येऊं शकतो. त्याच्यावर वरचें न्यायालय असतें, आणि तें चूक दुरुस्त करतें, हें वरील खटल्यानेंच दाखविलें. त्या अदालतीवर आकाशाखेरीज कांहीं नव्हतें. पण दोहोंच्या मुळाशीं एकच विचार आहे: शत्रूला निराळा न्याय. माओवाद्यांनीं तो विचार शेवटपर्यंत नेला. राज्य मध्येंच थांबतें. राज्याचें श्रेष्ठत्व त्या थांबण्यांत आहे. म्हणून तें जितकें लवकर थांबेल तितकें श्रेष्ठ, आणि जितकें पुढें जाईल तितकें आपल्या शत्रूसारखें.

येथें एक रास्त शंका निघेल. अनुसूचित जाति-जमातींवरील अत्याचारांसाठीं १९८९ च्या कायद्यानें, आणि बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीं २०१२ च्या कायद्यानें खास न्यायालयें ठरवून दिलीं आहेत. तींहि टाकाऊ मानावयाचीं काय? मुळींच नाहीं. खासपणा दोन प्रकारचा असतो. एक दुर्बळाला दारापर्यंत आणतो: लहान मुलाची साक्ष पडद्याआड घेतो, साक्षीदाराला संरक्षण देतो, खटला रांगेंत पुढें घेतो. दुसरा आरोपीच्या हातून त्याचें बचावाचें साधन काढून घेतो: पुराव्याची पातळी खालीं आणतो, कबुलीजबाबाचा भार पोलिसांच्या शब्दावर टाकतो, अपील आंखडतो. पहिला न्याय वाढवितो, दुसरा शिक्षा वाढवितो.

भंडारा जिल्ह्यांतील खैरलांजी येथें २९ सप्टेंबर २००६ रोजीं एका दलित कुटुंबांतील चौघांची हत्या झाली. जलदगति न्यायालयापुढें खटला चालून सप्टेंबर २००८ मध्यें आठ जण दोषी ठरले व सहांना फाशी झाली. २०१० मध्यें हायकोर्टानें ती बदलून आठांनाहि २५ वर्षांची शिक्षा दिली. त्या निकालांत जातीय अत्याचाराचा कायदा लागला नाहीं याचें दुःख अनेकांस आहे, आणि तें दुःख आम्हांस समजतें. परंतु खटला दोन वर्षांत संपला, तो पुराव्याची पातळी न उतरवितां. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्याचेंहि तसेंच. ज्याच्या नांवानें सारा देश दांतओंठ खात होता त्या कसाबला बचावाचा वकील मिळाला. मे २०१० मध्यें तो दोषी ठरला, पण त्याच्याबरोबर उभे असलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावीं सुटले, आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. ज्या खास न्यायालयांतून निर्दोष मनुष्य सुटून जाऊं शकतो, तें न्यायालय. जेथून कोणीच सुटत नाहीं, तो तुरुंगाचा दरवाजा.

मग उपाय काय? उपाय नीरस आहे, आणि म्हणूनच तो मागे पडतो. रिकाम्या जागांवर न्यायाधीश नेमावेत, तालुक्याच्या कोर्टाला पुरेसे लेखनिक व दुभाषे द्यावेत, साक्षीदाराच्या जिवाची काळजी घ्यावी, गोंडी बोलणाऱ्या आरोपीला त्याच्यावरील आरोप त्याच्या भाषेंत समजेल अशी व्यवस्था करावी. यांतल्या कशानेंहि वर्तमानपत्राचा मथळा सजत नाहीं. खास न्यायालयाची घोषणा एका सायंकाळीं होते. नेहमींचें न्यायालय सुधारण्यास एक पिढी लागते. परंतु खास न्यायालयाची प्रत्येक मागणी म्हणजे नेहमींचें न्यायालय निकामी आहे याची कबुली असते. तें खरें असेल, तर तेथें रोज उभे राहणाऱ्या हजारों सामान्य पक्षकारांना आपण कशाच्या हवालीं केलें आहे?

सुशिक्षित वर्गास शेवटीं आम्ही एवढेंच विचारतों. खास न्यायालयाची मागणी करतांना आपण मनांत कोणाला पिंजऱ्यांत उभें करतों? बहुधा ज्याची भाषा, वस्ती आणि नांव आपल्यासारखें नाहीं अशा माणसाला. पुढील वेळीं ही मागणी ओंठांवर येईल तेव्हां त्या जागीं आपला स्वतःचा मुलगा, चुकीच्या संशयानें कां होईना, उभा आहे अशी कल्पना करून पाहावी. त्याच्यासाठीं जो न्यायाधीश, जो पुरावा आणि जें अपील आपण मागूं, तें देवरीच्या जंगलांतील पोरालाहि मिळालें पाहिजे. त्याहून अधिक कोणास नको, आणि त्याहून उणें कोणास देण्याचा अधिकार आपणांस नाहीं.